अंगणांतील प्लास्टिकचें गवत

नव्या घरांच्या अंगणांत प्लास्टिकचें हिरवें गवत अंथरण्याची हौस आतां खेड्यांतही दिसूं लागली आहे. पाणी नको, कापणी नको, चिखल नाहीं, हे त्याचे गुण खरे आहेत. जेथें ऊन पोहोंचत नाहीं, तेथें त्याचा उपयोगही आहे. अमेरिकेंत ह्यूस्टन येथील छत असलेल्या क्रीडागृहांत खरें गवत उजेडाअभावीं मेलें, म्हणून १९६६ सालीं तेथें कृत्रिम गवत घातलें गेलें व तें प्रसिद्धीस आलें.

उघड्या अंगणाची गोष्ट निराळी. तेथें हें गवत बसविण्यासाठीं वरची माती खणून काढून खडी दाबून भरतात. म्हणजे जी माती आपण शेणखत घालून जपतों, तीच प्रथम बाहेर टाकावयाची! खरें गवत पाण्याची वाफ सोडून थंड राहतें. प्लास्टिक मात्र उन्हांत पाय भाजण्याइतकें तापतें. त्याचे तंतू झिजून मातींत मिसळतात, आणि जीर्ण झाल्यावर तें ना गुरांच्या कामाचें, ना उकिरड्याच्या. कॅलिफोर्निया संस्थानानें तर २०२३ सालीं कायदा करून, घरगुती आवारांत त्यास बंदी करण्याची मुभा स्थानिक संस्थांस दिली.

हरळीस आपण शेतांतील वैरीण समजतों. परंतु शेतांत जो तिचा दोष, तोच अंगणांत गुण ठरतो. ती तुडविल्यानें मरत नाहीं, वाळली तरी पावसानें पुन्हां हिरवी होते, माती धरून ठेवते. यास्तव अंगणांत हरळीच लावावी. ती शेतांत शिरूं नये म्हणून मध्यें खोल दगडी कांठ बांधावा, हें आमचें मत आहे.