मनगटाचा सांधा मोडला असतां

पावसाळ्यांत वाणगांवसारख्या गांवीं शेवाळलेल्या अंगणांत पाय घसरला कीं, मनुष्य सहजच हात टेंकतो आणि अंगाचा सारा भार मनगटावर येतो. उतारवयांत स्त्रियांचीं हाडें विरळ झालेलीं असतात. म्हणून बहुधा आजीबाईंचेंच मनगट मोडतें. अशा वेळीं हात चोळूं वा ओढूं नये. बांगड्या-आंगठ्या उतरवाव्या, हात फळीस बांधावा आणि बोईसर वा डहाणू गांठून क्ष-किरणचित्र काढवावें.

भेग सांध्याबाहेर असल्यास बहुधा प्लास्टरनें भागतें. परंतु ती सांध्यांत उतरून हाडाचे तुकडे झाले असतील, तर नुसतें प्लास्टर त्यांस पुरेसें धरीत नाहीं. आणि सांध्याची बैठक दोन मिलिमीटर जरी उंचसखल राहिली, तरी पुढें संधिवाताचें भय असतें. अशा भंगांसाठीं अमेरिकेंत अँडरसन व ओनील यांनीं १९४४ सालीं बाह्य चौकटीची रीत वर्णिली. मनगटाच्या वर व तळहाताच्या हाडांत सळया बसवून त्या बाहेरून दांडीनें जोडतात. दांडीच्या ताणानें अस्थिबंध ताणले जाऊन त्यांस जडलेले तुकडे जागीं येतात. मधोमध दबलेल्या तुकड्यास मात्र निराळा आधार लागतो. हल्लीं पुष्कळदां आंतून धातूची पट्टी बसवितात. तरी उघड्या जखमेंत चौकटीचा उपयोग होतोच.

चौकट सुमारें सहा आठवडे राहते. तोंवर सळयांभोंवतींची त्वचा स्वच्छ ठेवावी. लाली वा पू दिसतांच डॉक्टरांस दाखवावें. बोटें पहिल्या दिवसापासून हलवावीं. आजींना त्रास नको म्हणून सुनांनीं त्यांस घांसही भरविला, तर हाड जुळेल, पण मूठ वळणार नाहीं.