आधी यादी, मग निवेदन

मराठी शाळेवर गदा आली किंवा मराठीच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली की बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या संस्थांमध्ये एक ठरलेला क्रम सुरू होतो. निषेधाचा ठराव होतो, निवेदनाचा मसुदा होतो, पाच-सात ज्येष्ठ मंडळी ते घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांना भेटतात, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते. वर्षभराने त्या निवेदनाचे काय झाले हे कोणी विचारत नाही. निवेदन देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण ते मोहिमेचे शेवटचे पाऊल आहे, पहिले नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी आपल्या हाती काय आहे ते पाहू. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा, असे ते सांगते. यातला ‘प्रयत्न’ हा शब्द नीट वाचावा. त्याच दुरुस्तीतल्या ३५०-ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी, म्हणजे आयुक्त, नेमला जातो. तो राष्ट्रपतींना अहवाल देतो, पण राज्य सरकारला हुकूम सोडू शकत नाही. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात निकाल दिला, की राज्य प्राथमिक शाळेवर मातृभाषेचे माध्यम लादू शकत नाही. माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे. म्हणजे घटना आपल्याला दार दाखवते, पण ते उघडायचे तर पालकांची इच्छा कागदावर आली पाहिजे.

किती पालकांची? याचेही उत्तर जुने आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने प्रमाण ठरवले: शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले असतील तर त्यांच्या मातृभाषेतून शिकवणारा शिक्षक द्यावा. पुढे भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षण योजना मान्य झाली, तिच्यात मुलांच्या भाषेच्या पसंतीची आगाऊ नोंदणी आणि संख्या कमी पडल्यास जवळपासच्या शाळांत जुळवाजुळव हेही आहे. म्हणून आम्ही म्हणतो, आधी यादी. दहा मुलांची नावे, पत्ते आणि पालकांच्या सह्या हाती नसतील, तर साहेबांचा पहिलाच प्रश्न ‘मुले कुठे आहेत?’ असा असेल आणि त्याला आपल्याकडे उत्तर नसेल.

इथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. ही दहा मुले आपल्या जुन्या घराण्यांत बहुधा सापडायची नाहीत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. माध्यम निवडण्याचा अधिकार आपलाही आहेच. पण सरकारी आणि पालिकेच्या शाळांत जाणारी मराठी मुले आहेत ती रोजगारासाठी खानदेशातून गुजरातेत आणि मराठवाड्यातून हैदराबादेत आलेल्या कुटुंबांची. त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या सभागृहाची पायरी चढली आहे? गणेशोत्सवाच्या वर्गणीपलीकडे त्यांचा-आपला संबंध किती? आपल्याकडे वास्तू आहे, ओळखी आहेत, कायदा वाचणारे वकील आणि निवृत्त अधिकारी आहेत. त्यांच्याकडे मुले आहेत. युती करायचीच तर पहिली युती ही आहे, आणि ती संस्थेच्या दालनात नव्हे, त्यांच्या वस्तीत जाऊन करायची आहे. संस्थेच्या कार्यकारिणीत त्यांना खुर्ची न देता त्यांच्या मुलांच्या नावाची यादी मागणे बरे दिसणार नाही.

दुसरी युती इतर भाषिकांशी. सुरत महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांत चालतात. तिथे एका माध्यमाचा शिक्षक कमी झाला तर तो सर्वांचाच प्रश्न असतो. हैदराबादेत कन्नड आणि तमिळ, इंदूरला सिंधी आणि गुजराती, बेळगावात उर्दू भाषिक आहेत. त्यांची घटनात्मक स्थिती आपल्यासारखीच आहे. एका भाषेचे निवेदन सहज बाजूला पडते. चार भाषांच्या पालकांनी एकच मागणी केली तर तिला तक्रार म्हणून झटकता येत नाही. मात्र यासाठी मन मोठे हवे. महाराष्ट्रात जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड शाळा आहेत. तिथल्या मुलांच्या शिक्षकासाठी आपण बोलणार नसू, तर बेळगावात आपल्यासाठी कन्नड शेजाऱ्याने का बोलावे? सीमाप्रश्नाचा २००४ चा दावा न्यायालयाचा विषय आहे. मुलांच्या वर्गाची मागणी त्याला बांधून ठेवू नये. मूल काही निकालाची वाट पाहत पहिलीत थांबत नाही.

युती कशी होते आणि कशी मोडते, याचा धडा गोव्याने दिला आहे. राजभाषेच्या वादात १९८५ ते १९८७ या काळात कोकणीवादी आणि मराठीवादी एकमेकांसमोर उभे होते. पण २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचे ठरवले, तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचावर हेच दोन्ही पक्ष एकत्र आले. शशिकला काकोडकर आणि उदय भेंब्रे एका बाजूला दिसले. जुना वाद कोणी सोडला नव्हता. फक्त अनुदानाच्या एका मागणीवर एकमत होते, आणि तेवढे पुरले. पुढे सरकार बदलले तरी अनुदान चालूच राहिले. २०१६ मध्ये मंचातल्या काहींनी गोवा सुरक्षा मंच हा पक्ष काढला आणि २०१७ च्या निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही. आम्हांला यातून दोन गोष्टी दिसतात. मागणी एक असेल तर कालचा विरोधकही सोबती होतो. आणि मोहिमेचा पक्ष झाला की पालकाला मुलाच्या प्रश्नावरून मतपेटीची निवड करावी लागते. तिथे बरेच जण गळतात.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रवेश सुरू होण्याच्या तीन महिने आधी कामाला लागावे. शहराचे वस्तीवार भाग करून प्रत्येक भागाला दोन माणसे द्यावीत, त्यांपैकी एक महिला असावी, कारण प्रवेशाचा निर्णय बहुधा आईशी बोलूनच होतो. प्रत्येक पालकाचा अर्ज वेगळा, त्याच्याच सहीचा, आणि त्याची पोच जपून ठेवलेली. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा; माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. त्यानंतर शिष्टमंडळ न्यावे, त्यात इतर भाषांचे पालक असावेत. सर्व पक्षांच्या नगरसेवकांना सारखेच पत्र द्यावे, कोणाच्याही व्यासपीठावर जाऊ नये. एवढे करूनही दाद लागली नाही तर सगळे कागद जोडून भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे जावे. आयुक्त हुकूम देऊ शकत नसले तरी राज्याकडे खुलासा मागतात, आणि खुलासा मागायला त्यांना पुरावा लागतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण अभिजात भाषेलाही पहिलीच्या वर्गात बसणारी मुले लागतात. पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत निषेधाचा ठराव मांडण्याऐवजी कोणत्या वस्तीत कोण जाणार, एवढेच ठरवावे, आणि पहिली दहा नावे आली की मगच निवेदनाचा कागद काढावा.