वीराची जखम

वर्गात वीररस शिकवताना मी वीराला कधी कण्हू दिले नाही. काल रात्री एका पुस्तकात बर्लिनच्या संग्रहालयातल्या ग्रीक मद्यपात्राचे चित्र पाहिले, आणि ओशाळलो. पात्र इसवी सनापूर्वी सुमारे ५०० सालचे. त्यावर सही सोसिअस कुंभाराची. आत अकिलीस आपला जिवलग पॅट्रोक्लस याच्या दंडाला पट्टी बांधतो आहे. पॅट्रोक्लसने मान फिरवली आहे; वेदनेने दात दिसताहेत. ट्रॉयचा थरकाप उडवणारे हात इथे किती जपून चालले आहेत! पुढे हेक्टर पॅट्रोक्लसला मारील, तेव्हा कुठली पट्टी पुरणार?

काल सायकलवरून पडलेल्या चिरंजीवांना मी दटावले होते, “मुलगा असून रडतोस?” आज सकाळी पट्टी मीच बदलली. तो रडला, मी रडू दिले.