दिसतेस तर ठणठणीत!

मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या माणसाला दिवसातून किती वेळा खोटे ठरविले जाते, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. ‘दिसतेस तर ठणठणीत!’ हे उद्गार काढणारा आपल्या समजुतीने कौतुकच करीत असतो. ऐकणारीला मात्र तो हुकूम वाटतो: आजारी असशील तर पुरावा आण. आणि हा पुरावा तिच्याजवळ नसतो, कारण तिचा रोग मेंदूत आणि मज्जारज्जूत दडलेला असतो.

शरीराची संरक्षणयंत्रणाच मज्जातंतूंवरील मायलिन नावाच्या आवरणावर उलटते, असे या विकाराचे थोडक्यात स्वरूप आहे. शार्को या फ्रेंच वैद्याने १८६८ साली त्याचे रीतसर वर्णन केले. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटीहून अधिक प्रमाणात तो गाठतो. म्हणजे नोकरी, लग्न, लेकरे यांच्या ऐन भरात. एखाद्या सकाळी एका डोळ्यापुढे धुके येते आणि काही आठवड्यांनी विरते. पुढे कधी पायांना मुंग्या, कधी चालताना झोक जाणे, कधी लघवीवरचा ताबा सुटणे. पुष्कळांच्या बाबतीत तो उसळतो, ओसरतो आणि पुन्हा उसळतो. हे ओसरणेच रुग्णाच्या मुळावर येते! काल काठी टेकत आलेली बाई आज काठीविना दिसली, की आपल्यातील शहाणी माणसे एकमेकांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहतात.

आणि तो थकवा! तुमचा आमचा थकवा झोपेने जातो. हा रात्रभर झोपूनही सकाळी उशाशी बसलेला असतो. अशा गृहिणीला अंथरुणातच दिवसाचा हिशेब मांडावा लागतो: आज केस धुतले तर स्वयंपाक उरकणार नाही, बाजारात गेले तर मुलाचा अभ्यास घेता येणार नाही. लग्नाला येऊन ती जेवणाला थांबत नाही, तेव्हा आपण तिला मानी ठरवून मोकळे होतो. उरलेल्या बळावर तिला अजून घरचा जिना चढायचा असतो, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

उष्णतेचे प्रकरण तर आपल्या समाजाने मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. ऊटहोफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली नोंदविले, की श्रम झाल्यावर अशा रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते. त्यामागे शरीराची वाढलेली उष्णता असते, हे पुढे कळले. अर्ध्या अंशाचा फरकही काहींना पुरतो. एमआरआय येण्यापूर्वी संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे बळावतात का, ते पाहत असत. वैद्यकाने ही परीक्षा केव्हाच टाकून दिली. आपण मात्र ती दर मे महिन्यात घेतो. कडक उन्हातला लग्नविधी, नंतर पत्र्याखालचा मंडप, छायाचित्रांसाठी तासभर तिष्ठणे, आणि जी आली नाही तिच्यावर जन्माचा रुसवा! उन्हाने मज्जातंतूंना नवी इजा होत नाही, गारव्यात लक्षणे निवतात, हे खरे आहे. पण शंभर पाहुण्यांसमोर जिचे पाय लटपटले, तिला हे शास्त्र सांगून काय उपयोग?

‘मनाचा हिय्या केला की सारे जमते,’ असे म्हणणारेही आहेत. विख्यात चेलोवादक जॅकलीन द्यु प्रे हिच्या बोटांतील संवेदना हरपू लागली, तेव्हा तिच्याही बाबतीत मनावरील ताणालाच बोल लावला गेला. १९७३ साली निदान झाले तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. १९८७ साली ती वारली. तिच्याजवळ हिय्या कमी होता, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? झेपेल असा व्यायाम या रुग्णांना हितकारक असतो, तो त्यांनी अवश्य करावा. पण किती झेपेल, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे अंग त्याचा.

रोग समूळ बरा करणारे औषध नाही, एवढ्याचेच भांडवल करून काही मंडळी झाडपाला, तेल आणि चमत्कार घेऊन दारात येतात. अमेरिकेत १९९३ साली पहिले इंटरफेरॉन मान्य झाले; त्यानंतर रोगाच्या उसळ्या कमी करणारी कितीतरी औषधे आली. ती महाग आहेत, हे दुःख मोठे आहे. पण रोग वरून शांत दिसत असतानाही आत झीज चालू असू शकते. म्हणून चालू उपचार सोडावयास लावणारा हितचिंतक मला धोकादायक वाटतो, मग त्याच्या हातात जपमाळ का असेना.

कायदाही या रोगाकडे उशिराच वळला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत तो नव्हता. २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत तो आला. तरीही महत्त्वाच्या सवलतींसाठी निदान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा असणारा हा आजार टक्क्यांत बसवायचा कसा? बऱ्या दिवशी तपासणीला गेलेल्या रुग्णाने आपल्या बरेपणाची शिक्षा भोगायची काय?

राहता राहिला आपला लाडका शब्द: क्रूस. ‘देवाने दिलेला क्रूस आहे, आनंदाने वाहा,’ असे रुग्णाला ऐकवून आपण पाच मिनिटांत घरी परततो. शिडॅमच्या संत लिडविना यांचे उदाहरणही दिले जाते. १३९५ साली बर्फावर पडल्यानंतर त्या खंगत गेल्या आणि १४३३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी वेदना सोसल्या. त्यांना हाच विकार असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. त्यांची सहनशीलता वंदनीय खरीच. पण रुग्णाने आपला क्रूस आपण होऊन स्वीकारणे ही एक गोष्ट, आणि धडधाकट शेजाऱ्याने तो त्याच्या खांद्यावर नीट बसवून देणे ही दुसरी. मार्कच्या शुभवर्तमानात कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाला उचलून आणणारे चौघे भेटतात. दाराशी गर्दी होती, तर त्यांनी दुसऱ्याच्या घराचे छप्पर उचकटले! त्याला सहनशीलतेचे प्रवचन देऊन माघारी नेण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. येशूनेही छपराच्या नुकसानीबद्दल त्यांना जाब विचारला नाही.

आपल्या मंदिरांना छप्पर उचकटण्याची गरज नाही. पायऱ्यांच्या कडेला एक उतार आणि धरावयास कठडा, पंख्याखालच्या बाकाचे एक टोक राखीव, मिस्साबलिदानात गुडघे टेकता न येणाऱ्याकडे मान वळवून न पाहण्याची सभ्यता, ख्रिस्तशरीर बाकापर्यंत नेऊन देणारे दोन पाय, आणि मे महिन्यातील लग्ने सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर. धर्मग्रामाच्या सभेत हा विषय निघाला की पैसे नाहीत, असे ऐकावे लागते. सणाच्या रोषणाईला, वाजंत्रीला आणि फटाक्यांना जे पैसे लागतात, त्यांचा हिशेब त्याच सभेत वाचला जातो. तो पुन्हा एकदा, सावकाश वाचावा.