आगीतून फुफाट्यात नको!

हॉस्टेलच्या खोलीला आग लागली तर सगळ्यात घातकी वस्तू कोणती? माझं उत्तर : आपली लाडकी फोमची गादी! आणि तिच्याच शेजारी काय काय असतं? डासांची अगरबत्ती, पाणी तापवायचा रॉड, मॅगीसाठी चोरून आणलेली शेगडी आणि उशीखाली चार्जिंगला लावलेला मोबाईल. रेक्टर सर, हे वाचून लगेच रेड टाकू नका, आधी पुढचं वाचा!

फ्लेक्झिबल पॉलियुरेथेन फोम म्हणजे बहुतेक हवाच. त्याची पोकळ्यांची जाळी उघडी असते, त्यामुळे ऑक्सिजन थेट आतपर्यंत पोचतो. एकदा पेटला की फोम वितळतो, जळते थेंब खाली टपकतात आणि तिथे दुसरी आग लागते. धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड! 20 फेब्रुवारी 2003 ला अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या 'स्टेशन' नाइटक्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला. 100 माणसं गेली. फोम पेटल्यापासून साधारण दीड मिनिटातच आतली परिस्थिती जीवघेणी झाली होती.

मग फोममध्ये अग्निरोधक केमिकल का घालत नाहीत? घातली ना! ब्रोमीनवालं 'पेंटाबीडीई' वर्षानुवर्षं घातलं. पण ते फोमला रासायनिक बंधाने जोडलेलं नव्हतं, नुसतं मिसळलेलं होतं. हळूहळू बाहेर पडून ते घरातल्या धुळीत गेलं, आईच्या दुधातही सापडलं. शेवटी 2009 मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत त्याचं नाव आलं. यालाच आपल्याकडे आगीतून फुफाट्यात म्हणतात.

आता पर्यावरणपूरक पर्याय येताहेत, आणि ते भन्नाट आहेत. कोळंबी-खेकड्याची जी कवचं आपण फेकून देतो, त्यांच्यापासून कायटोसन बनतं. त्यावर धन भार, चिकणमातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर ऋण भार. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या ग्रनलन यांच्या गटाने फोम या दोन द्रावणांत आळीपाळीने बुडवला. अशा 10 जोडथरांची जाडी फक्त 30 नॅनोमीटरच्या आसपास! तरी फोमचं वितळून टपकणं थांबलं आणि उष्णता बाहेर पडण्याचा सर्वोच्च दर जवळजवळ निम्म्यावर आला. दुसरा पर्याय म्हणजे एक्स्पांडेबल ग्रॅफाइट. तापला की तो फुगतो आणि फोमवर उष्णता अडवणारं पांघरूण घालतो.

पण 'नैसर्गिक' असं लेबल लागलं म्हणून टाळ्या पिटू नयेत, असं मला वाटतं. दहा-दहा वेळा बुडवायचं, धुवायचं, वाळवायचं, याला वेळ आणि पैसा लागतो. ग्रॅफाइट जास्त घातला तर गादीचा मऊपणा जातो. म्हणून प्रत्येक ॲडिटिव्हला दोनच प्रश्न विचारायचे : आगीत तू काय करतोस? आणि चार वर्षं कोणी तुझ्यावर झोपलं तर तुझ्यातून काय बाहेर पडतं?

गाद्यांची ऑर्डर देताना जाडी आणि भाव बघतात. त्याच कोटेशनमध्ये या दोन प्रश्नांची लेखी उत्तरं, टेस्ट रिपोर्टसकट, का मागू नयेत? गादीमागे चार पैसे जास्त पडतील, पडू देत. आणि केमिकल-पॉलिमरवाल्यांनो, फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधत वणवण फिरता ना? तो तुमच्या पाठीखालीच आहे. फक्त टेस्टिंग लॅबमध्ये करा, खोलीत काडी लावून नको!