लिलावातील मोटार आणि बॅटरीतील विस्तव

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅक्रॅमेंटोलगतच्या रँचो कॉर्डोव्हा येथे भंगार मोटारींच्या आवारात उभ्या असलेल्या एका टेस्लाने अचानक पेट घेतला. तिला अपघात होऊन तीन आठवडे उलटले होते. पाण्याचा मारा केला की ज्वाळा शमत आणि काही वेळातच बॅटरीच्या कप्प्यातून पुन्हा उसळत. अखेर जमिनीत खड्डा खणून गाडी त्यात उतरवण्यात आली आणि बॅटरी बुडेपर्यंत तो पाण्याने भरण्यात आला. या एका गाडीसाठी सुमारे साडेचार हजार गॅलन, म्हणजे १७ हजार लिटर पाणी खर्ची पडले.

विमा कंपनीने 'टोटल लॉस' ठरवलेल्या गाड्या अशाच आवारांतून लिलावात जातात. कोपार्ट आणि आयएए या अमेरिकेतील या व्यवसायाच्या दोन बड्या कंपन्या. त्यांचे लिलाव आता संगणकावर चालतात आणि परवानाधारक दलालामार्फत सामान्य ग्राहकही बोली लावू शकतो. नव्या गाडीच्या तुलनेत किंमत इतकी कमी असते, की बंपर चेपलेली एखादी इलेक्ट्रिक मोटार पाहून मोह पडला तर नवल नाही. न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा मोह पडू शकतो.

पेट्रोलच्या गाडीत निदान अनुभवी मेकॅनिकची नजर कामाला येते. वाकलेली चौकट दिसते, इंजिनात पाणी शिरले असेल तर तेलाच्या रंगावरून कळते. इलेक्ट्रिक मोटारीत सर्वांत महाग भाग आणि सर्वांत धोकादायक भाग एकच असतो. तो गाडीच्या तळाशी बंद पेटीत असतो आणि लिलावाच्या आवारात ती पेटी उघडून पाहण्याची सोय नसते. छायाचित्रांत रंग उडालेला दरवाजा दिसतो. तळाला बसलेला दगडाचा ठोसा दिसत नाही.

हा ठोसाच अनेकदा गाडीचे भवितव्य ठरवतो. बॅटरीतील एखाद्या सेलला इजा झाली, तर आत शॉर्टसर्किट होऊन उष्णता वाढते, ती शेजारच्या सेलला तापवते आणि ही साखळी एकदा सुरू झाली की बाहेरून थांबवणे कठीण होते. इजा आणि आग यांच्यामध्ये काही तास जाऊ शकतात, काही आठवडेही. अपघातानंतर बॅटरीत शिल्लक राहणाऱ्या आणि सहज काढून घेता न येणाऱ्या विजेला अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०२० च्या अहवालात 'अडकलेली ऊर्जा' म्हटले आहे. गाडी मेलेली दिसते, पण बॅटरीत शेकडो व्होल्टचा दाब कायम असतो. घरच्या गॅरेजमध्ये पाने-पक्कड घेऊन बसणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

पुरात सापडलेल्या गाडीचे प्रकरण आणखी अवघड. सप्टेंबर २०२२ मधील 'इयान' चक्रीवादळानंतर फ्लोरिडात समुद्राचे पाणी शिरलेल्या इलेक्ट्रिक मोटारींना आगी लागल्या. खारे पाणी वीजवाहक असते. ते ओसरल्यावरही मागे राहिलेले क्षार आणि गंज शॉर्टसर्किटला वाट करून देतात. अशा गाड्या इमारतींपासून किमान ५० फूट दूर ठेवाव्यात, असा तेथील महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा सल्ला आहे. विकत घेतलेली गाडी घराच्या छपराखाली आणता येत नसेल, तर ती स्वस्त पडली असे कसे म्हणावे?

लिलाव कंपनी यातील कशाचीही हमी घेत नाही. 'जशी आहे, जेथे आहे' ही विक्रीची अट असते. कोपार्टच्या यादीतील 'रन अँड ड्राइव्ह' या शेऱ्याचा अर्थ एवढाच, की आवारात आली तेव्हा गाडी सुरू झाली आणि स्वतःच्या बळावर पुढे सरकली. ती शंभर मैल धावेल काय, पुन्हा चार्ज होईल काय, याच्याशी त्या शेऱ्याचा संबंध नाही. बोलीवर लिलावाचे शुल्क, दलालाची दलाली आणि वाहतूकखर्च चढतो तो वेगळाच.

गाडी दुरुस्त झाली तरी ती पूर्णपणे मालकाची होतेच असे नाही. २०२० च्या सुरुवातीस टेस्लाने 'सॅल्व्हेज' ठरलेल्या गाड्यांचे जलद चार्जिंग बंद केले. गाडी रस्त्यावर, आणि तिच्या चार्जिंगची किल्ली मात्र कंपनीच्या संगणकात! उत्पादकाच्या हमीचाही अशा गाडीला आधार उरत नाही. बॅटरी सांगाड्याचाच भाग बनवण्याच्या नव्या रचनेमुळे दुरुस्तीची वाटही अरुंद झाली आहे. मिशिगनमधील ज्येष्ठ वाहन अभियंते सँडी मन्रो यांनी २०२३ मध्ये टेस्लाच्या अशा बॅटरीची दुरुस्तीक्षमता शून्य असल्याचे मत नोंदवले होते.

यशाची उदाहरणे आहेत. मॅसॅच्युसेट्समधील रिच बेनॉ यांनी पुरात भिजलेली टेस्ला मॉडेल एस पुन्हा धावती केली आणि यूट्यूबवर नाव कमावले. पण त्यासाठी त्यांना दुसरी अपघातग्रस्त टेस्ला विकत घेऊन तिचे भाग वापरावे लागले, हे त्यांच्या चाहत्यांच्या लक्षात राहत नाही. कौशल्य, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी आहेत, त्याच्यासाठी हा व्यवहार आहे. रोज कचेरीत जाण्यासाठी गाडी हवी असणाऱ्यासाठी नाही.

अमेरिकेत निदान गाडीच्या मालकीपत्रावर 'सॅल्व्हेज' असा शिक्का बसतो आणि वाहनांची राष्ट्रीय माहितीप्रणालीही उपलब्ध आहे. राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्याने दुसऱ्या राज्यात नोंदणी करून शिक्का पुसण्याचे प्रकार घडतात, हे खरे. तरी चौकशी करणाऱ्याला धागा सापडू शकतो. भारतात दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, की गाडी टोटल लॉस धरली जाते आणि तिचा सांगाडा बोली लावून विकला जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार वाहन नष्ट झाल्यास किंवा कायमचे निरुपयोगी ठरल्यास मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवणे बंधनकारक आहे. मात्र दुरुस्त होऊ शकणारी टोटल लॉस गाडी या व्याख्येत बसतेच असे नाही. तिच्या आरसी बुकावर अमेरिकेसारखा शिक्काही नसतो. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत बुडालेल्या गाड्या पेट्रोल-डिझेलच्या होत्या. आता शहरांतील तळघरांच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक मोटारीही उभ्या असतात, आणि पुढच्या पुरानंतर त्यांतील एखादी पुसूनपासून बाजारात आली, तर घेणाऱ्याला ते कागदपत्रांवरून कळेल अशी व्यवस्था आज नाही.