व्हरांड्याचे क्षेत्रफळ

जून अर्ध्यावर आला की महाराष्ट्राच्या घराघरांत ओळखीची लगबग सुरू होते. पुस्तकांना खाकी कव्हरे चढतात, गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने शिवून कच्ची वही तयार होते, रेनकोटाची बटणे तपासली जातात, आणि पंधरा तारखेच्या आगेमागे शाळेची घंटा होते. विदर्भात उन्हाचा ताव उतरण्याची वाट पाहत ती थोडी उशिरा होते, एवढाच फरक. जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रवेशोत्सव असतो. दाराला आंब्याची तोरणे, नव्या मुलांचे औक्षण, हाती गुलाबाचे फूल आणि कोऱ्या पुस्तकांचा संच, कुठे सजवलेल्या बैलगाडीतून मिरवणूक, कुठे कुंकवाच्या पाण्यात भिजवलेल्या चिमुकल्या पावलांचे कागदावर उमटवलेले ठसे. या दिवशी आपण मुलांकडे पाहतो, गुरुजींकडे पाहतो, आणि नव्या छपाईच्या वासाने क्षणभर स्वतःच्या बालपणाकडेही पाहून घेतो. ज्या वास्तूत हे सारे घडते तिच्याकडे मात्र आपली नजर क्वचित वळते. पत्रे गळतात का, रंग दिला का, एवढे विचारून आपण पुढे जातो.

तिच्याकडे वळून पाहायला याच दिवसांत एक निमित्तही असते. १६ जून हा वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांचा स्मृतिदिन. २०१५ साली याच दिवशी मुंबईत त्यांचे निधन झाले. नवी मुंबईच्या आखणीत त्यांचा हात होता, पणजीची कला अकादमी त्यांची, बेलापूरची कलाग्राम वसाहतही त्यांचीच. त्या वसाहतीत सात-सात घरे एका लहान चौकाभोवती बसवलेली आहेत, आणि तसे चौक मिळून पुन्हा मोठा चौक होतो. नंतर तिथल्या बहुतेकांनी आपापली घरे वाढवली, मजले चढवले, मूळ रूप ओळखू येऊ नये इतके बदलले. कोरियांनी प्रत्येक घराच्या भिंती सुट्या ठेवल्या होत्या त्या यासाठीच. माणसाने घर वाढवावे, हे त्यांनी गृहीतच धरले होते. शाळेविषयीही त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवून ठेवले आहे. अमेरिकेत शाळा म्हटली की लाल विटांची इमारत डोळ्यांपुढे येते, आपल्याकडे मात्र झाडाखाली बसलेला गुरू येतो. या दुसऱ्या चित्रात भिंतच नाही, आणि तिची उणीवही भासत नाही. आपल्या हवेत वर्षातले कित्येक महिने चांगली सावली हेच पुरेसे छत असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष निवडला, हे या संदर्भात आठवावेसे वाटते.

पण झाडाखालून खोलीत आलेली आपली शाळा वाटेत काहीतरी विसरून आली. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेची इमारत कशी असावी याची यादी त्याच्या परिशिष्टात आहे. दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापक यांच्यासाठी मिळून एक खोली, अडथळ्याविना आत येण्याची वाट, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, पोषण आहार शिजवायला स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण. या यादीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. स्वच्छतागृह नाही म्हणून शाळा सुटलेल्या मुली आपल्याच भोवती होत्या. तरीही ती वाचताना एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहत नाही, की तीत व्हरांडा नाही. आणि आपण आपापल्या शाळेचे दिवस आठवू लागलो, तर आठवतो तो बहुधा व्हरांडाच. पावसाळी प्रार्थना तिथे होते, ओल्या चपलांची रांग तिथे लागते, दुपारची खिचडी पंगत धरून तिथेच खाल्ली जाते. उशिरा आलेला पोरगा तिथे उभा राहतो आणि उभ्या उभ्या शेजारच्या वर्गाचे पाढे ऐकतो. पहिलीतल्या मुलीला तिसरीची कविता तोंडपाठ असते ती कुणी शिकवली म्हणून नव्हे, तर व्हरांड्यात सगळे वर्ग एकमेकांना ऐकू येतात म्हणून. वेळापत्रकात नसलेला हा तास रोज भरतो, आणि त्याची हजेरी कुठल्याच पटावर लागत नाही.

अशा अनाम जागांना इमारतीच्या केंद्रस्थानी आणून बसवणारी माणसे आपल्यात होऊन गेली. पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेची वास्तू उभी आहे. १९८८ साली ही संस्था स्थापन झाली. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक आणि कोरिया तिचे वास्तुशिल्पी. काळ्या बेसॉल्टच्या भिंती वर जाता जाता कडाप्पा आणि चकाकत्या ग्रॅनाइटने अधिकच काळ्या होत जातात, जणू आकाशाचा काळोख जमिनीपर्यंत उतरला आहे. पण या वास्तूचे हृदय तिच्या काळ्या भिंतींत नाही, तिच्या कुंडात आहे. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा, वर आभाळ मोकळे असलेला हा चौक आपल्या बारवेच्या आणि देवळासमोरच्या पुष्करणीच्या कुळातला. तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन पुतळ्यांच्या रूपाने येणाऱ्या-जाणाऱ्यांना भेटतात, आणि आवारातला फुकोचा लंबक पृथ्वी फिरत असल्याचे शांतपणे दाखवत राहतो. विश्वाचा विचार करणाऱ्या माणसांना केबिनीतून बाहेर काढून एकमेकांच्या वाटेत आणायचे, हे त्या रचनेचे काम. पुण्यातच जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनीही बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत हेच केले. करड्या ग्रॅनाइटच्या त्या इमारतीत लांबलचक मार्गिका आहेत. कुठे छताखाली, कुठे वेलींखाली, कुठे थेट आभाळाखाली, आणि कडेला बसायला जागा. व्याख्यान संपल्यावर वाद जिथे सुरू होतो तिथे माणसाला टेकता आले पाहिजे, इतके साधे ते गणित.

ही सगळी थोरामोठ्यांची, भरघोस पैशांची उदाहरणे झाली, असे कुणी म्हणेल. मग आपण कोपरगावला जाऊ. तिथल्या श्री शारदा इंग्लिश मीडियम स्कूलमध्ये २०१८च्या सुमारास समीप पडोरा यांच्या चमूने ‘माया सोमय्या ग्रंथालय’ बांधले. जागा मिळाली ती कशी? शाळेच्या इमारती आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये उरलेली एक चिंचोळी पट्टी. एखाद्याने तिथे सायकलींचा मांडव टाकला असता. पडोरांनी तिथे विटांचे एक लाटेसारखे छत उभारले. पातळ विटा एकावर एक थरांत, लोखंडाच्या सळ्यांवर विसंबून न राहता, एकमेकींना दाबून धरत तोल सांभाळतात. ही युक्ती स्पेनमधल्या कॅटलोनियाची, कित्येक शतकांपूर्वीची. तिथून ती ग्वास्ताव्हिनो नावाच्या वास्तुशिल्पीने अमेरिकेत नेली. तिच्यामागचे गणित आता संगणक करतो, पण वीट वीटच आहे, आणि रचणारे हातही माणसाचेच. या छताची खरी गंमत पुढे आहे. ते जमिनीपासून अलगद वर चढते, म्हणून मुले त्यावर चालत जातात, बसतात, उतरून पलीकडे जातात. खाली ग्रंथालय, वर टेकडी. शाळेत येताजाता ओलांडायच्या वाटेवरच पुस्तके ठेवली, तर पुस्तकापर्यंत मुद्दाम जावे लागत नाही. आपल्याकडे शाळेचे ग्रंथालय म्हणजे अजूनही अनेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या खोलीतले कुलूपबंद कपाट असते, आणि कपाटाची किल्ली ज्या सरांकडे असते ते नेमके त्या दिवशी रजेवर असतात!

नवी रचना म्हणजे नवे साहित्य, नवा खर्च, असे आपण उगाच मानून चाललो आहोत. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या बालशिक्षणाचे काम सुरू केले. वंचितांच्या वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे पाहून त्यांनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. शंख, बिया, खडे, पाने हेच शैक्षणिक साहित्य. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम वाढले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली, म्हणजे गुरे चरतात तिथेच शाळा. एकही वीट न रचता केलेली ही वास्तुरचनाच होती, असे आम्हांस वाटते. १९७५ साली देशभर एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिने अंगणवाडी हे रूप सर्वत्र नेले. आज मात्र शहरांतल्या कित्येक अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात, दाराबाहेर पाऊल टाकले की थेट रस्ता. अनुताईंनी जे फुकट मिळवले होते, ते आता चौरस फुटांच्या भावाने परवडत नाही.

मोठ्यांच्या शिकण्याची कथाही वेगळी नाही. पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या हजारो मुलामुलींसाठी अभ्यासिका उघडल्या आहेत. प्लायवूडच्या आडोशात एक खुर्ची, एक दिवा, एक चार्जिंगचा प्लग आणि भिंतीवर ‘शांतता राखा’. बाजाराने शोधलेली ही शिकण्याची जागा. तिला नावे ठेवणे सोपे आहे, पण दहा बाय दहाच्या खोलीत चौघे राहणाऱ्या मुलाला तीच एक शांत जागा मिळते, हेही खरे. तरी संध्याकाळ झाली की हीच मुले खालच्या चहाच्या टपरीवर जमतात आणि राज्यघटनेच्या कलमांवर वाद घालतात. आडोशात पाठ झालेले टपरीवर समजते. आणि हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत भल्या पगारावर आणलेले सल्लागार कॉफीच्या यंत्राभोवती उंच टेबले मांडून माणसांनी सहज बोलावे अशी व्यवस्था करतात, तेव्हा वाड्याच्या ओट्याला मनातल्या मनात हसू येत असेल.

शाळेची इमारत तर केवळ शाळेचीही नसते. गावात सर्वांची म्हणून बहुधा तीच एक वास्तू असते. ज्येष्ठात पालख्या निघतात तेव्हा वाटेवरच्या शाळांच्या व्हरांड्यांत दिंड्या विसावतात. मतदान तिथे, लसीकरण तिथे, ग्रामसभाही पुष्कळदा तिथेच. २०१९च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरला वेढले, तेव्हा उंचावरच्या शाळा कित्येक कुटुंबांचे घर झाल्या. हे सारे आपण इतके गृहीत धरतो, की शाळा बांधताना त्याचा विचारच करत नाही. कौले काढून स्लॅब टाकली की गाव सुधारले असे वाटते. त्या स्लॅबखाली एप्रिलच्या दुपारी बसून पाहणारी मात्र मुलेच असतात.

आशेची जागा नाही असे नव्हे. ‘बाला’ नावाचा उपक्रम आपल्या अनेक शाळांपर्यंत पोहोचला आहे. इमारतच शिकवण्याचे साधन व्हावी हा त्याचा हेतू. दार उघडते तिथे जमिनीवर कोन आखले, की दार ढकलता ढकलता मूल तीस, साठ, नव्वद अंश शिकते. मात्र कित्येक ठिकाणी ‘बाला’ म्हणजे भिंतीवर फळे आणि प्राणी रंगवणे, एवढेच उरले आहे. रंग चढवणे सोपे असते, जागेचा विचार करायला वेळ लागतो.

तो विचार करायला हाच महिना बरा. सरकारी शाळांतल्या शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठका आता पुन्हा सुरू होतील. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे कायद्याने तिच्याकडे सोपवलेले काम आहे. बहुतेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक लिहितात आणि सदस्य सही करतात. यंदा सहीपूर्वी तो वाचून पाहावा. किती खोल्या, किती बाके, किती पंखे हे त्यात असेलच. व्हरांडा किती रुंद, पायऱ्यांवर सावली पडते का, वर्गाबाहेर दोन मुलांना पुस्तक घेऊन बसायला जागा कुठे, भिंत आणि कुंपण यांच्यामधली पट्टी कशासाठी पडून आहे, हे त्यात नसेल तर आपल्या हाताने लिहावे. आणि अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याने ‘याला निकषात तरतूद नाही’ असे म्हटले, तर तेही इतिवृत्तात नोंदवून पंचायत समितीकडे पाठवावे.